वीस पडले, पण सरदार कोण?

राळेगाव म्हटलं की बाहेरची माणसं पहिला प्रश्न विचारतात, "अण्णांचं का?" नाही हो. अण्णांचं ते राळेगणसिद्धी, तिकडे अहिल्यानगर जिल्ह्यात. आमचं राळेगाव यवतमाळ जिल्ह्यातलं, कापसाचं, जिनिंगचं. आणि गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घराच्या वरच्या खोलीत दर शनिवारी संध्याकाळी आणखी एक गाव वसतं. त्यात एक जादूगार राहतो, एक चोर, एक पुजारीण, एक रेंजर आणि एक अर्धी ऑर्क असलेली बार्बेरियन. त्यांच्यापैकी कोणाचे एम.ए.चे पेपर तोंडावर आलेले असतात, कोणाच्या घरी वेचणीला माणसं लावायची असतात. तरी सहा वाजले की सगळे हजर.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. यात पट नसला तरी चालतो, सोंगट्या नसल्या तरी चालतं. एक जण डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तो गोष्ट सांगतो: समोर दरी आहे, पूल तुटलाय, पलीकडे धूर दिसतोय. बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून सांगतात, मी काय करते. जे जमेल की नाही याची खात्री नाही, तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. एक पडला तर फजिती, वीस पडले तर टाळ्या. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकन माणसांनी 1974 साली हा खेळ बाजारात आणला. तो राळेगावात पोहोचायला पन्नास वर्षं लागली, पण पोहोचला. आमच्या टोळक्याची डीएम मी.

तर झालं असं, की कथेत माझ्या मंडळींना काळदरी नावाची एक दरी ओलांडायची होती. दरीत एक रानातली टोळी राहते आणि टोळीचा सरदार वाट देत नाही. आता काय करायचं? मी फार विचार न करता वहीत लिहून ठेवलं होतं: 'टोळीची रीत – जो सरदाराला द्वंद्वात हरवेल तो नवा सरदार.' अशा कथांत असंच असतं ना! आमची बार्बेरियन तर वाटच बघत होती. तिने आव्हान दिलं, फासा टाकला, आणि पडले ते नेमके वीस. खोलीत एवढा आरडाओरडा झाला की खालून आईने आवाज दिला. सरदार धारातीर्थी पडला. बार्बेरियनने भाला उचलला आणि जाहीर केलं, "आता टोळी माझी. उद्या सगळे माझ्यासोबत युद्धाला चला."

जादूगाराने शंका काढली, "पण तू तर बाहेरची आहेस. तुला ही रीत लागू होते का?" चोर म्हणाला, "पुजारिणीने लढाईआधी तुला मंत्राने ताकद दिली होती. ते चिटिंग नाही का?" वाद पेटला. नियमांची पुस्तकं निघाली, मोबाइल निघाले. या सगळ्यात आमचा रेंजर गप्प होता. तो बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तालुक्यातल्या एका कोलाम पोडावरून येतो. पोड म्हणजे कोलामांची वस्ती. बऱ्याच वेळाने तो एवढंच म्हणाला,

"अबे, असं रायते का कुठं? नाईकाले मारून नाईक होते? मंग त्या पोडावर रायते कोन?"

कोणीतरी हसत म्हणालं, "अरे, ही रानटी टोळी आहे. तुमच्याबद्दल नाही बोलत."

त्याने फासे गोळा करून डबीत टाकले. "नसन बोलत. पन रान तेच हाय ना." आणि तो उठून गेला. पुढच्या शनिवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

मला आधी राग आला. साधा खेळ तर आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? मग वही उघडली आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. 'टोळीची रीत.' ही रीत मला कोणी सांगितली होती? मी कुठल्या टोळीला कधी विचारलं होतं? माझ्या घरापासून पोड जेवढा लांब आहे, त्याहून काळदरी मला जवळची वाटली होती. म्हणून मग शोधायला बसले. दोन आठवड्यांत जे सापडलं ते इथे मांडतेय.

ही रीत आली कुठून?

पहिला संशय सिनेमा आणि गेम्सवर. 'स्कायरिम' हा 2011 चा व्हिडिओ गेम आठवा. त्यात ऑर्कांच्या वस्तीचा प्रमुख तोवरच प्रमुख, जोवर त्याला हरवणारा उभा राहत नाही. 'बाहुबली'तले कालकेय आठवा. त्यांच्यासाठी खास किलिकी भाषा बनवली, पण त्या भाषेत ते धमक्यांशिवाय काही बोलल्याचं आठवतं का? टोळी म्हटलं की काळे रंग, हाडांच्या माळा आणि जोरात आरोळी. अशा लोकांचा पुढारी दुसरं कसं ठरवणार? मारामारी करूनच!

पण मुळाशी गेलं की गंमत होते. 'मारेल तो राजा' या कल्पनेची सगळ्यात गाजलेली गोष्ट कुठल्याही जंगलातल्या टोळीची नाहीच. ती रोमची आहे. रोमपासून तीसेक किलोमीटरवर नेमी नावाचं तळं आहे. तिथे डायना देवीचं राखीव रान होतं आणि त्या रानाचा एक पुजारी असे. त्याला म्हणत 'रानाचा राजा'. हे पद मिळवायची वाट एकच: पळून आलेल्या गुलामाने आधीच्या पुजाऱ्याला द्वंद्वात ठार मारायचं. मग तो पुजारी, त्याला कोणीतरी मारेपर्यंत. कॅलिगुला नावाच्या रोमन बादशहाला एक पुजारी फार वर्षं टिकलाय असं वाटलं, म्हणून त्याने मुद्दाम जास्त तगडा माणूस त्याच्यावर सोडला, असं रोमन लेखक स्यूटोनियस सांगतो. जेम्स फ्रेझर या ब्रिटिश अभ्यासकाने 1890 साली 'द गोल्डन बाऊ' हे पुस्तक लिहिलं तेव्हा त्याची सुरुवात याच पुजाऱ्यापासून केली, आणि मग जगभरातून तशा गोष्टी जमवल्या. पुढे कित्येक कादंबऱ्या आणि सिनेमे त्या पुस्तकावर पोसले गेले.

म्हणजे ज्या रोमला आपण सुसंस्कृत म्हणतो, त्याच्या अंगणातली रीत आपण उचलून 'रानटी' लोकांच्या गळ्यात बांधली.

फ्रेझरच्या यादीत आणखी एक नाव होतं, आजच्या दक्षिण सुदानमधल्या शिलुक लोकांचं. त्यांचा राजा म्हणे रात्री झोपत नसे, कारण कुठलाही राजपुत्र अंधारात येऊन त्याला मारून गादी घेऊ शकत असे. कथा म्हणून एकदम झकास. पण 1948 साली इव्हान्स-प्रिचर्ड या मानववंशशास्त्रज्ञाने एका व्याख्यानात हे सगळं पुन्हा तपासलं आणि सांगितलं की राजांना असं विधिपूर्वक मारत असल्याचा पटण्यासारखा पुरावा नाही. लोक ती रीत सांगत, पण सांगणं आणि घडणं यात अंतर असतं. राजा कमजोर पडला की त्याच्याविरुद्ध उठाव होतात, आणि उठाव जिंकला की मागाहून त्याला जुन्या रीतीचं नाव देता येतं.

इथे मी वहीत पहिला मुद्दा लिहिला: रीत म्हणजे कायद्याचं कलम नाही. ती लोकांनी स्वतःबद्दल सांगितलेली गोष्ट असते. डीएमने विचारायचं ते असं, की ही गोष्ट कोण सांगतंय आणि कोणाच्या सोयीची आहे?

कंसाला मारलं, गादी उग्रसेनाला

खरं तर एवढं लांब जायची गरज नव्हती. आपण लहानपणापासून ज्या कथा ऐकतो त्यात आमच्या खोलीतल्या वादाचं उत्तर होतं.

कृष्णाने भर आखाड्यात कंसाला मारलं. माझ्या वहीतल्या नियमाप्रमाणे मथुरेचा राजा कोण व्हायला हवा? कृष्ण. पण त्याने गादीवर उग्रसेनाला बसवलं. भीमाने जरासंधाला कुस्तीत फाडला. म्हणून भीम मगधाचा राजा झाला का? नाही, गादीवर जरासंधाचा मुलगा सहदेव बसला. हरवणं हे एक काम, आणि राज्य करणं हे दुसरं. पहिलं ताकदीचं आहे. दुसऱ्याला लोकांनी हो म्हणावं लागतं.

आणि वाली-सुग्रीव? ती तर अस्सल 'लीडरशिप चॅलेंज' आहे. सुग्रीव किष्किंधेच्या दारात येऊन गर्जना करतो, वाली बाहेर येतो, दोघे भिडतात, आणि झाडाआडून रामाचा बाण सुटतो. मरता मरता वाली जो प्रश्न विचारतो तोच आमच्या चोराने विचारला होता: मी दुसऱ्याशी लढत असताना बाहेरच्या माणसाने लपून मारणं, हे कुठल्या नियमात बसतं? त्यावर राम आपली बाजू मांडतो आणि हजारो वर्षं झाली, कीर्तनकारांपासून कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेपर्यंत तो वाद चालूच आहे. आपल्या पूर्वजांनी त्याला 'चिटिंग' म्हणून निकाली काढलं नाही आणि झाकूनही टाकलं नाही. प्रश्न उघडा ठेवला. गोष्ट जिवंत राहिली ती त्यामुळे.

नव्या कथांमध्येही ज्या चांगल्या आहेत त्या याच जागी थांबतात. 2018 चा 'ब्लॅक पँथर' आठवा. वाकांडात धबधब्यावर राजाला आव्हान देता येतं, पण आधी बऱ्याच अटी आहेत. राजाने आपली जादुई ताकद औषध पिऊन उतरवायची. आव्हान द्यायचं नसेल तर त्या त्या जमातीने तसं सगळ्यांसमोर सांगायचं. हार मान्य करून जिवंत राहायची सोय आहे, आणि म्हबाकू ती वापरतोही. पुढे किलमाँगर जिंकतो, सिंहासनावर बसतो, आणि मग मेला समजलेला टचाला परत येतो. तो ना मेला, ना त्याने हार मानली. म्हणजे द्वंद्व संपलंच नव्हतं! तिथून सैन्य दुभंगतं. सिनेमाचा शेवटचा सगळा अर्धा तास एका नियमाच्या अर्थावर उभा आहे.

'ड्यून'मध्ये तर नायक रीतच नाकारतो. वाळवंटातल्या फ्रेमेन लोकांत नवा पुढारी व्हायचं तर जुन्याला मारायला हवं. पण पॉल म्हणतो, माझ्याकडे असलेला सगळ्यात चांगला माणूस मी स्वतःच्या हाताने का मारू? आणि रीत बदलते. अर्थात ती बदलायला तो एकटा पुरत नाही. जमलेल्या लोकांनी ते ऐकून घ्यावं लागतं.

मॅक्स ग्लकमन या अभ्यासकाने 1950 च्या दशकात आफ्रिकेतल्या राज्यांबद्दल लिहिताना एक फार कामाची गोष्ट सांगितली. अशी बंडं राजाविरुद्ध असतात, राजेपणाविरुद्ध नसतात. आव्हान देणारा गादी मोडत नाही, उलट गादी किती मोलाची आहे हेच तो सांगतो. म्हणून आव्हानाच्या रीतीत लढाईपेक्षा भोवतीचं कडं महत्त्वाचं. बघायला कोण उभं आहे, आणि संपल्यावर ते कोणामागे चालतात?

पोडावरची चावडी

एवढं वाचून झाल्यावर माझ्याकडे रोम होतं, सुदान होतं, वाकांडा होतं. फक्त राळेगाव नव्हतं. मग एका संध्याकाळी रेंजरच्या रूमवर गेले. सॉरी म्हटलं. त्याने चहा टाकला.

कोलाम ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. दुसऱ्या दोन कातकरी आणि माडिया गोंड. कोलामांची स्वतःची कोलामी भाषा आहे, द्राविडी कुळातली. पोडाच्या जुन्या पंचायतीत नाईक, महाजन, कारभारी, घट्या, तरमाक्या असे मानकरी, हे मी वाचून गेले होते. परीक्षेला पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं. तो हसला. "माहा आजा नाईक होता," तो म्हणाला.

"मग तुझ्या आज्याला कोणी आव्हान दिलं तर?"

"आव्हान गिव्हान नाई ना. लोकं इचाराले येनं बंद करते."

मला कळलं नाही. त्याने समजावून सांगितलं. सकाळी आजा दारात बसायचा. कोणाच्या घरी लग्न जुळवायचं, कोणाचा धुऱ्यावरून वाद, कोणाचं पोरगं शाळेतून पळून आलेलं. माणसं यायची, बसायची, बोलायची. गरज पडली तर रात्री चावडीत सगळे बसायचे. एकदा एका भांडणात आज्याने आपल्या जवळच्या माणसाची बाजू घेतली. कोणी काही म्हणालं नाही. पण दुसऱ्या दिवशी दारात कोणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. "आजा आठ दिवस एकटाच बसून होता. मंग आजीनं म्हनलं, जा, चावडीत जाऊन चुकलं म्हना. थो गेला. म्हनला. मंग येऊ लागले लोकं."

भाला नाही, फासा नाही, वीस नाहीत. रिकामं अंगण, बस. मी आजवर लिहिलेल्या कुठल्याही द्वंद्वापेक्षा ते आठ दिवस मला जास्त थरारक वाटले.

हे एका पोडापुरतं नाही. पैनगंगेच्या पलीकडे, आजच्या तेलंगणातल्या आदिलाबाद भागात 1940 साली कुमराम भीम यांच्या नेतृत्वाखालचा गोंडांचा उठाव निजामाच्या पोलिसांनी चिरडला. त्यानंतर गोंडांचं दुखणं काय आहे हे समजून घ्यायला निजाम सरकारने क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेंडॉर्फ या अभ्यासकाला तिथे पाठवलं. त्याने राजगोंडांवर जे लिहिलं त्यात गावाच्या पाटलाचं, त्यांच्या भाषेत पाटलाचं, चित्र येतं. जमीन मोकळी होती तेव्हा पाटील गाव वसवायचा आणि माणसं त्याच्या भरवशावर येऊन राहायची. भरवसा उडाला की चंबूगबाळं उचलून दुसरीकडे. पाटलाची ताकद त्याच्या दंडात कशी असेल? ती मागे राहिलेल्या चुलींच्या संख्येत असायची. केसलापूरच्या नागोबा जत्रेत आजही दरबार भरतो, लोक अधिकाऱ्यांसमोर आपली गाऱ्हाणी मांडतात. हा दरबारही त्याच काळात सुरू झाला.

आणि आपल्याच विदर्भातलं, गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) तर तुम्हाला माहीत असेलच. तिथली ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय घेते. एक जण जरी अडला तरी विषय पुढच्या बैठकीला. 2009 साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले. बांबू विकायचा हक्क हातात यायला पुढे आणखी झगडावं लागलं, पण गाव अभ्यास करत, बसत-बोलत राहिलं आणि हक्क मिळवला. आता सांगा, डीएमने टोळी रंगवायची तर ही सामग्री कमी आहे का?

पण म्हणून लगेच उलट टोकाला जाऊन 'आदिवासी म्हणजे सगळं गोड' असंही लिहायचं नाही. हे मला रेंजरनेच सांगितलं. चहाचे कप धुताना तो म्हणाला, "आजीनं आज्याले वाट दाखवली. पन तिले कोनी चावडीत बोलावलं का? नाई." सहमतीच्या बैठकीतही कोणाचा आवाज दबतो. अंगण रिकामं करायची ताकद जशी चुकलेल्या नाईकाविरुद्ध चालते, तशी एखाद्या निर्दोष माणसाविरुद्धही चालू शकते. रीत कुठलीही असो, तिला बळी पडणारं कोणीतरी असतंच. गोष्ट लिहायची तर त्यालाही पात्र करावं लागेल.

आपलंही एक द्वंद्व आहे

'टोळ्यांच्या चमत्कारिक रीती' म्हणून हसण्याआधी एकदा आपल्या ग्रामपंचायतीकडे बघा. पुढाऱ्याला आव्हान द्यायची आपलीही रीत आहे. तिचं नाव अविश्वास ठराव, आणि ती 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 35 मध्ये लिहिलेली आहे. ठराव केव्हा आणता येईल, किती सदस्य लागतील, सभा कोण घेईल, सगळं ठरलेलं. लोकांनी थेट निवडलेल्या सरपंचाला काढायचं तर सदस्यांनी ठराव मंजूर करून भागत नाही. विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने गावाची मान्यता घ्यावी लागते. म्हणजे ज्यांनी बसवलं त्यांनाच पुन्हा विचारायचं. वाकांडाच्या धबधब्यापेक्षा हे काही कमी विधीचं नाही!

आणि त्याचा अर्थ लावण्यावरून आपल्याकडेही तेवढेच वाद होतात. नोटीस वेळेत मिळाली का, सही खरी का, हात वर केला तो खुशीने की दबावाने? सदस्य सहलीला नेऊन ठेवले जातात. ही आपली 'लढाईआधीची जादू'. निकाल पटला नाही तर माणसं वरच्या अधिकाऱ्याकडे जातात, तिथून कोर्टात.

राळेगाव तालुक्यातली काही गावं पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात. तिथे 1996 चा पेसा कायदा लागू आहे आणि राज्याचे नियम 2014 साली आले. या कायद्याने पाडा किंवा वस्तीसुद्धा स्वतःची ग्रामसभा मागू शकते. कागदावर तरी पोडाच्या चावडीला सरकारी दार उघडलेलं आहे. कागदावरून अंगणात ते किती उतरलं, हे तिथल्याच मुलांना विचारा. आपल्या वर्गात ती असतातच. आपण विचारत नाही, एवढंच.

टोळी लिहिताय? आधी हे पाच प्रश्न

*1. आव्हान कोण देऊ शकतं?* कोणीही, की फक्त घरातलं, कुळातलं? बाहेरच्याला मुभा असेल तर का? एखाद्या टोळीने पाहुण्याच्या हाती स्वतःचं नशीब का द्यावं?

*2. साक्षीला कोण आहे?* साक्षीदार नसतील तर तो फक्त खून. साक्षीदार असतील तर त्यातल्या तिघांना नावं द्या, मतं द्या.

*3. हरलेल्याचं काय होतं?* मृत्यू हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कंटाळवाणं उत्तर. हरलेला म्हातारा सरदार रोज समोर बसलेला असेल तर कथा रंगते.

*4. जिंकणाऱ्याला नेमकं काय मिळतं?* भाला, की गादी, की माणसं? तिन्ही एकदम मिळत नाहीत.

*5. ही रीत कोणाला नकोशी आहे?* प्रत्येक टोळीत रीत बदलू पाहणारी एखादी आजी असते. तिला शोधा.

जाता जाता आणखी एक. हा खेळ बनवणाऱ्या कंपनीलाही हे प्रश्न चुकले नाहीत. ऑर्कांना जन्मजात क्रूर दाखवण्यावर बरीच टीका झाल्यावर 2020 मध्ये तिने ते चित्रण बदलायचं जाहीर केलं. 2024 च्या नव्या खेळाडू-पुस्तकात ऑर्क इतरांसारखेच निवडता येणारं पात्र म्हणून आले. पुस्तक बदललं. वहीत लिहिणाऱ्या डीएमनेही बदलायला काय हरकत आहे?

पुन्हा काळदरी

चौथ्या शनिवारी रेंजर आला. मी वीस पडलेले खोडले नाहीत. पडले ते पडले, नाहीतर बार्बेरियनने मला सोडलं नसतं. सरदार मेलेलाच होता. पण मी गोष्ट दुसऱ्या दिवशीच्या सकाळपासून सुरू केली.

बार्बेरियन सरदाराच्या झोपडीबाहेर भाला घेऊन बसली आहे. ऊन वर येतं. शेजारच्या झोपड्यांतून धूर निघतो. माणसं पाण्याला जातात, येतात. तिच्याशी कोणी भांडत नाही. तिच्याकडे कोणी बघतही नाही. सगळे जातात ते टोकाच्या एका झोपडीकडे, जिथे सरदाराची म्हातारी आई बसली आहे.

"मी हुकूम देते," बार्बेरियन म्हणाली.

"दे," मी म्हणाले. "ऐकायला कोणी नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग रेंजरकडे. "अबे, आता काय करू?"

"मले कायले इचारतं? म्हातारीले इचार ना."

पुढचे दोन तास त्या खोलीत एकदाही तलवार निघाली नाही. बार्बेरियन म्हातारीपुढे जाऊन बसली. म्हातारी बोलेना. जादूगाराने मेलेल्या सरदारासाठी लाकडं तोडली. चोराने चोरलेली एक अंगठी गुपचूप परत ठेवली. आजवरच्या कॅम्पेनमध्ये पहिल्यांदाच! शेवटी बार्बेरियनने भाला म्हातारीच्या पायाशी ठेवला आणि विचारलं, "तुमच्या पोराला मी मारलं. आता मी काय करायचं ते तुम्ही सांगा." फासा कोणीच मागितला नाही. मी तरी कुठल्या आकड्यावर म्हातारीने माफ करायचं ते ठरवणार होते?

टोळी काही त्यांच्यासोबत युद्धाला आली नाही. वाट मात्र मिळाली, आणि वाट दाखवायला एक मुलगी सोबत आली. निघताना बार्बेरियनने भाला परत मागितला नाही.

आता नवं कॅम्पेन सुरू होतंय आणि या वेळी डीएम आमचा रेंजर आहे. त्याने आतापासूनच तीन अटी घातल्या आहेत. नकाशा तो काढणार. 'रानटी' हा शब्द जो वापरेल त्याचा एक डाव जाणार. आणि चहा मी करायचा.

तिसऱ्या अटीला मी आव्हान दिलं. बाकीच्यांनी हात वर करून ते फेटाळलं.